अकराव्या ओळीतली मोकळी जागा

मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकतात तो नव्हे, छापखान्यातला, शिशाचा. पण मित्रांनो, मला पुस्तकात शोधू नका, सापडणार नाही. माझ्या भावंडांच्या डोक्यावर अक्षरं आहेत, आकडे आहेत, कुणाच्या डोक्यावर निदान एखादा काना तरी आहे. माझ्या डोक्यावर काही नाही. मी कोरा. दोन शब्दांच्या मध्ये, ओळीच्या शेवटी, कोष्टकाच्या रिकाम्या घरात तुम्हाला जे काहीच दिसत नाही, ते मी असतो.

आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की सुस्कारे टाकतात, हे मला ठाऊक आहे. मोडकी छत्री टाकते, गळका माठ टाकतो. मला ते जमायचं नाही. राग निवू दे, मग सांगू, असं म्हणून मी पुष्कळ थांबलो. तो निवत नाही. म्हणून आहे तसाच सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या एका ओतशाळेतला. तापलेलं शिसं साच्यात गेलं आणि क्षणात मी घट्ट होऊन बाहेर पडलो. माझ्याआधीचा 'क' होता, नंतरचा 'ळ'. त्यांना उलटसुलट करून, भिंग लावून तपासलं. मला कुणी भिंगाखाली धरलं नाही. काय पाहणार? उलट आम्हा कोऱ्यांना जाणूनबुजून बुटकं ओततात. छापताना शाईचा रूळ फिरतो तेव्हा अक्षरांची डोकी काळी होतात आणि आमच्या डोक्यावरून नुसता वारा जातो. कोऱ्यानं वर डोकं काढायचं नाही, हा आमच्या जातीचा पहिला नियम.

कागदाच्या पुडक्यात बांधून मला नगरला आणलं. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत एक लहान छापखाना होता. राधाकृष्णशेठ त्याचे मालक. आत खणाखणांची लाकडी पेटी, प्रत्येक अक्षराला वेगळा खण. 'श्री'चा खण वरच्या बाजूला, ती फार नखरेल. आमचा खण मोठा आणि बेवारस. बन्सी नावाचा जुळारी होता, जुळारी म्हणजे खिळे जुळवून मजकूर लावणारा. तो दारात आलेल्या कुत्र्याला मारायला आम्हालाच उचलायचा. 'अ' नाही उचलला कधी. स्टूल डगमगायला लागलं तेव्हा त्यानं माझा एक भाऊ त्याच्या पायाखाली सरकवला आणि विसरून गेला. ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही, त्याला काही वाटतही नसणार, असं लोक धरून चालतात.

पण त्याच छापखान्यात हन्नाबाई होत्या.

हन्नाबाईंचे वडील जन्मभर खिळे जुळवत आले होते. त्यांनी लेकीला अक्षरओळख करून दिली ती पाटीवर नव्हे, खिळ्यांवर. त्यामुळे हन्नाबाईंना उलटी अक्षरं सुलट्यांपेक्षा भरभर वाचता येत. छापखान्यात साधा मजकूर बन्सी लावायचा, आणि कोष्टक आलं की ते हन्नाबाईंकडे. शाळांचे निकाल, कोपरगावकडच्या साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, कॉलेजातल्या प्राध्यापकांची संशोधनं. आकड्यांनी गच्च भरलेली पानं बघून बन्सी हात जोडायचा. हन्नाबाई पदर खोचायच्या.

मित्रांनो, कोष्टक कसं लावतात ते तुम्हाला माहीत नसेल. ते आडवं वाचायचं असतं, पण लावायचं उभं. एकेक रकाना वेगळा, वरून खाली रचत आणायचा, जसे विटांचे खांब. दोन खांबांच्या मध्ये पितळेची पातळ पट्टी. आता प्रत्येक खांबातली पाचवी वीट शेजारच्या खांबातल्या पाचव्या विटेशी जुळली पाहिजे, केसभरही वर नाही, खाली नाही. एककाखाली एकक आलं पाहिजे. नऊ आणि दहा एकाखाली एक आले, तर नऊ दहाच्या शून्यावर बसला पाहिजे, एकावर नाही. हे सगळं कोण करतं? आकडे करतात? आकड्यांना कुठे उभं राहायचं ते कळत नाही. नऊच्या डाव्या बाजूला एक कोरा उभा राहतो आणि त्याला खांद्यानं हळूच उजवीकडे सरकवतो, तेव्हा तो आपल्या जागेवर येतो. प्रार्थनेच्या वेळी बाई लहान मुलांना दंडाला धरून रांगेत उभं करतात, तसंच.

हन्नाबाईंना हे ठाऊक होतं. त्या आम्हाला हाताळायच्या ते बाळाला अंगडं घालावं तसं, घाईत असल्या तरी बोटं मऊ. शिवाय त्यांना कोष्टकात मोकळं लागायचं. आकडे पट्टीला टेकलेले त्यांना खपत नसत. दर पाच ओळींनंतर त्या थोडी जास्त जागा सोडायच्या. म्हणायच्या, वाचणाऱ्याच्या डोळ्याला चालायला वाट नको का. त्यामुळे त्यांच्या कोष्टकाला कोरे फार लागत, आणि लहान छापखान्यात कोरे नेहमीच कमी पडतात. राधाकृष्णशेठ कुरकुरायचे. एकदा म्हणाले, "हन्नाबाई, गिऱ्हाईक आकड्यांचे पैसे देतं. हवा तुम्ही कशाला भरता?" तेव्हापासून बन्सीनं त्या मोकळ्या जागेला नाव ठेवलं, 'हन्नाताईची हवा'. पान लावून झालं की विचारायचा, ताई, हवा भरली का, का पंक्चर हाय? हन्नाबाईही हसायच्या. मीही तेव्हा हसलो असेन. त्या थट्टेचं पुढे काय होणार आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग तो दुष्काळ आला.

तुमच्यातल्या मोठ्यांना तो आठवत असेल, परवाचीच गोष्ट. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, कोरड्या विहिरीत उतरवलेल्या घागरी. गावोगाव सरकारी कामं निघाली होती. सुप्याच्या पलीकडे माळावर एक खडीकेंद्र होतं. बायका दिवसभर दगड फोडायच्या, आणि तान्ही पोरं बाभळीच्या विरळ सावलीत लुगड्याच्या झोळ्यांत. नगरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या कृपाबाई तिथे जायच्या. त्या दुष्काळातल्या लहान मुलांवर संशोधन करत होत्या. बाभळीच्या फांदीला काटा टांगायचा, काट्याच्या आकड्याला झोळी, झोळीत मूल. काही आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा वजन. प्रत्येक मुलाला एक नंबर दिलेला.

अकरा नंबरचं मूल मालनबाईचं होतं. बनू तिचं नाव. पहिल्या खेपेला तिचं वजन चार किलो आठशे भरलं. दुसऱ्या खेपेला कृपाबाईंनी अकरा नंबर पुकारला तेव्हा मालनबाई हातोडा खाली ठेवून नुसती उभी राहिली. बनूला जुलाब झाले होते. ती आठवड्यापूर्वीच गेली होती.

काम बंद झाल्यावर मालनबाई नवऱ्याबरोबर नगरला आली. नवरा बाजारात हमाली करायचा. कृपाबाईंनीच शब्द टाकून तिला आमच्या छापखान्यात घड्या घालायच्या कामाला लावलं. छापलेले मोठे कागद दुमडून, कडेला कड लावून, पानं क्रमानं करायची. तिला वाचता येत नव्हतं. पण घडी घालणारीला आकडे ओळखावेच लागतात, नाहीतर पुस्तकात सोळानंतर नऊ यायचा. तेवढे आकडे ती शिकली. बोलायची थोडं. जेवणाच्या सुट्टीत हन्नाबाईंच्या शेजारी बसायची, एवढंच. बनूचं आणि तिच्या अकरा नंबरचं तिनं फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कृपाबाईंचं संशोधन छापायला आलं.

त्यात ते कोष्टक होतं. डावीकडे मुलांचे नंबर, मग पहिलं वजन, दुसरं, तिसरं. जी मुलं मधेच गेली त्यांची पुढची घरं कृपाबाईंनी कागदावर तशीच सोडली होती. राधाकृष्णशेठ म्हणाले, भोकं बरी दिसत नाहीत, तिथे शून्य टाका. कृपाबाई म्हणाल्या, शून्य म्हणजे काट्यावर ठेवलं आणि शून्य भरलं. ही मुलं काट्यावर आलीच नाहीत. मग आडवी रेघ टाकायची का, असं हन्नाबाईंनी विचारलं. कृपाबाईंनी सांगितलं, "नको. मोकळं ठेवा. खाली टीप देऊ."

कोष्टकाखाली टीप लागली: मोकळी जागा म्हणजे त्या वजनापूर्वी मूल दगावले.

दुसऱ्या वजनाच्या रकान्यातली पहिली मोकळी जागा अकराव्या ओळीत होती. हन्नाबाईंनी आमच्या खणात हात घातला, दोन-तीन जणांना चाचपून मला उचललं आणि तिथे बसवलं. त्या घराच्या मापाला मी एकटा नेमका पुरलो. वर दहाव्या मुलाचं वजन, खाली बाराव्याचं, डावीकडे पितळी पट्टी, उजवीकडे पितळी पट्टी. पाळण्यात ठेवावं तसं.

पहिलं मुद्रित काढलं, कृपाबाईंनी तपासलं, ठीक म्हणाल्या. हन्नाबाईंनी तो कागद मालनबाईला दाखवला. ही अकराची ओळ, हे चार पूर्णांक आठ, आणि पुढे हे मोकळं. मालनबाईनं हात पुसला आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मंग बनू हितं हाय," ती म्हणाली.

हन्नाबाई म्हणाल्या, "हो. इथे आहे."

मित्रांनो, इतकी वर्षं मी ओळीओळींतून फिरलो, पण माझ्या जागेवर कुणीतरी आहे असं त्या दिवसापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. कौतुक कौतुक म्हणतात ते माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. मला ते पुष्कळ होतं.

कोष्टक दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवलं. कागद मिळत नव्हता. त्या वर्षी कागदाचीही टंचाई होती. आणि इकडे लग्नसराई. दुष्काळात लग्नं कमी, म्हणून येईल ती पत्रिका राधाकृष्णशेठना सोडवत नव्हती. ते वाईट मनुष्य नव्हेत. छापखाना बंद पडला तर सगळेच घरी बसले असते, हेही खरं. पण मला न्याय करायचा नाही, मला राग आला आहे.

गुड फ्रायडेपासून रविवारच्या ईस्टरपर्यंत हन्नाबाईंची रजा होती. शुक्रवारीच पाथर्डीकडचे एक गृहस्थ पत्रिका घेऊन आले आणि बाकावरच बसून राहिले. छापून हातात पडल्याशिवाय एसटीत बसणार नाही म्हणाले. आता लग्नपत्रिका म्हणजे काय? अक्षरं चार आणि मोकळी जागा चौदा. वर गणपती, मग मोकळं, मग चिरंजीव, मग मोकळं. बन्सीनं आमच्या खणात हात घातला तर तळ लागला. सगळे कोरे ठिकठिकाणी अडकलेले. तो शेठना म्हणाला, कोरे न्हाईत. शेठ हिशेबात होते. मान वर न करता म्हणाले, त्या बांधून ठेवलेल्या कोष्टकातले घे, त्याचा कागद कुठे आलाय अजून.

बन्सीनं दोरा सोडला. कोष्टकाकडे बघितलं आणि हसून स्वतःशीच म्हणाला, "हन्नाताईची हवा. ह्यात तर गाडीभर हाय."

त्याला खरंच वाटलं की मधली रिकामी घरं म्हणजे हन्नाबाईंची नेहमीची सढळ जागा आहे. खालची टीप त्यानं वाचली नाही. लावलेला मजकूर जुळारी पुन्हा वाचत नाही, तो फक्त बघतो. त्यानं टोच्या घेतला, लोखंडी, अणकुचीदार, आणि माझ्या कडेत खुपसून मला उचकटलं. माझ्या अंगावर चरा पडला, एक कंगोरा वर आला. मला बाजूला टाकून त्यानं बोटानं रकाना वर सरकवला. माझ्या जागी बाराव्या मुलाचं वजन आलं. बाराव्याच्या जागी तेराव्याचं. पुढे जिथे जिथे मोकळं दिसलं तिथे तिथे तेच, दुसऱ्या रकान्यात आणि तिसऱ्यातही. शेवटी रकान्यांच्या तळाशी जी जागा उरली तिथे त्यानं लाकडाचे तुकडे ठोकले. शेवटच्या पोरांची वजनं घ्यायची राहिली असतील, एवढाच विचार त्यानं केला. कोष्टक आता कसं घट्ट, भरलेलं, भोकांशिवाय. दिसायला पहिल्यापेक्षा नीट. ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. ते नीट दिसत होतं.

आणि मला कुठे बसवलं, माहीत आहे? हळदीसारख्या पिवळ्या कागदाच्या पत्रिकेत, वराच्या आणि वधूच्या नावांच्या मध्ये. बनूची जागा सोडून मी 'शुभं भवतु'च्या वर उभा होतो आणि ओरडता येत नव्हतं.

पत्रिका छापून झाली. गृहस्थ खुशीत गेले. शनिवारी सकाळी अचानक कागद आला, आणि कृपाबाईंना पुस्तक पुण्याच्या परिषदेत द्यायचं होतं म्हणून शेठनी तो लगेच मशीनवर चढवायला सांगितला. बन्सीनं पुन्हा दोरा सोडला, फर्मा, म्हणजे चौकटीत बसवलेला सगळा मजकूर, आवळला आणि छापायला घेतलं. आम्ही पत्रिकेतच होतो. शेठना ती तशीच लावून ठेवायची होती, पुढच्या लग्नाला नुसती नावं बदलली की झालं. तिथून मला पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनचा आवाज येत होता. खडखड, खडखड. एकेक कागद बाहेर पडत होता, आणि प्रत्येकावर ते खोटं होतं.

ते कागद मालनबाईच्या पुढ्यात घडीला आले. कोष्टकाचं पान समोर येताच तिचं बोट अकराच्या ओळीवर गेलं. रोजच्या वाटेवरून पाय जातो तसं. तिथे आकडे होते. ती थांबली. बन्सी विचारत होता, काय झालं वैनी, शाई फासलीय का? ती म्हणाली, न्हाई. आणि घड्या घालत राहिली. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलं नाही.

सोमवारी हन्नाबाई आल्या, पिशवी खुंटीला अडकवतात तोच मालनबाई तो कागद घेऊन पुढे उभी राहिली.

"ताई, बनूचं वजन पाच पूर्णांक सहा झालंय. कागदात."

हन्नाबाईंना काही समजेना. मालनबाई बोट ठेवून होती.

"खोटं हाय न्हवं?" ती म्हणाली. "मला वाटलं, इचारून बघावं."

हन्नाबाईंनी पान पाहिलं, मग टेबलावरचा लावलेला फर्मा पाहिला, तळाचे लाकडाचे तुकडे पाहिले. ह्या बाईला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "बन्सी, इकडे ये. कोरे कुठे गेले?"

बन्सीनं सांगितलं. रिकामंच तर हुतं, ताई. तुमची हवा. हन्नाबाईंनी त्याला खालची टीप वाचायला लावली. त्यानं वाचली. पुन्हा वाचली. मग तो स्टुलावर बसला आणि त्यानंतर त्या दिवसात त्याच्या तोंडून थट्टेचा एक शब्द निघाला नाही.

कृपाबाईंना निरोप गेला. त्या आल्या, पान बघून खुर्चीतच बसल्या. जी मुलं गेली त्यांची वजनं वाढत होती, आणि तळाची जी मुलं आज सुप्याच्या माळावर धावत असतील ती टिपेप्रमाणे मेली होती. शेठ म्हणाले, झालं ते झालं, आता कागद नाही. शेवटी शुद्धिपत्राची चिठ्ठी लावू, चूकभूल द्यावी घ्यावी. "आणि बाई, राग मानू नका, पण कोष्टक वाचतं कोण? लोक खालची सरासरी बघतात."

कृपाबाईंनी खालची ओळ पाहिली. हळू आवाजात म्हणाल्या की सरासरी बरोबर आहे, ती मूळ आकड्यांवरूनच काढलेली आहे. निष्कर्ष बदलत नाही. परिषदही तोंडावर आली आहे.

मित्रांनो, मी तेव्हा त्या पत्रिकेत आवळलेला होतो, आणि शिसं कमी उष्णतेला वितळतं म्हणतात ते का, हे मला त्या क्षणी कळलं. सरासरी बरोबर आहे! ज्या बाईनं शून्य नको म्हटलं, रेघ नको म्हटलं, तीच हे बोलत होती.

मालनबाई दाराशी उभी होती. तिला सरासरी कळली नसेल. कृपाबाई नमतं घेताहेत हे तिला कळलं.

ती म्हणाली, "बाई, तुमी काट्याला टांगलं तवा बनू लई रडली हुती. मी घ्याया धावले, तर तुमी मला म्हनला, रडू द्या, रडतं ते पोर जितं असतं. आठवतंय का?"

कृपाबाईंनी मान खाली घालून अकराव्या ओळीकडे पाहिलं.

"पुढल्या बारीला काटा हुता, तुमी हुता, म्या हुते. पोर न्हवतं. तेवढंच लिवा की. जास्ती कायबी नगं."

कृपाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. मग शेठना म्हणाल्या की चिठ्ठी नको. कोष्टक पुन्हा छापायचं आणि प्रत्येक प्रतीत चुकीच्या कोष्टकावर चिकटवायचं. उशीर झाला तर परिषदेत मी उत्तर देईन.

पण कागद? शेठनी हात वर केले. तेव्हा हन्नाबाईंनी पत्रिकांच्या उरलेल्या पिवळ्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. शेठ म्हणाले, शास्त्रीय पुस्तकात हळदीचा कागद? हसतील लोक. हन्नाबाई म्हणाल्या, हसले तर निदान बघतील. आणि त्यांनी सरळ लग्नपत्रिकेचा फर्मा पुढे ओढून त्याचा दोरा सोडायला घेतला. शेठनी विचारलं, अहो, मग पुढच्या पत्रिकेला कोरे कुठून आणू? हन्नाबाई खाली बघूनच म्हणाल्या, "पुढच्या पत्रिकेत मामांची नावं वाढवा. सगळे मामा घाला, म्हणजे जागा उरणार नाही."

शेठ तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, पण अडवलं नाही.

सगळं कोष्टक हन्नाबाईंनी पुन्हा लावलं. दोन्ही रकाने खाली सरकवले, प्रत्येक वजन आपल्या मुलाजवळ आणलं. दर मोकळ्या घरात एक कोरा. शेवटी एक कमी पडला, पत्रिकेच्या गडबडीत कुठेतरी घरंगळला असेल. खण रिकामा, पत्रिका रिकामी. तेव्हा बन्सी उठला, वाकला आणि स्टुलाच्या पायाखालून माझा तो विसरलेला भाऊ काढून आणला. धोतराच्या सोग्यानं पुसून हन्नाबाईंच्या हातात दिला. ते स्टूल तेव्हापासून लंगडतं.

मला पुन्हा अकराव्या ओळीत बसवलं. वर दहावं, खाली बारावं, आपापल्या जागी. फर्मा मशीनवर चढला. बन्सीनं पाय मारला. पहिला पिवळा कागद बाहेर आला, आणि मालनबाईनं तो उचलला.

अकराव्या ओळीत, दुसऱ्या रकान्यात, एक काळा ठिपका होता. लहान, चौकोनी, ठसठशीत.

तो मी होतो.

छापखान्यात ह्याला दोष म्हणतात. कोरा खिळा वर आला, त्याला शाई लागली, तो उमटला. का वर आला, तर कडेला टोच्याचा चरा होता, त्यामुळे तो घट्ट बसला नाही, मशीनच्या हादऱ्यानं उचलला गेला. हे कारण खरं आहे. पण मित्रांनो, मी माझं कारण सांगतो. मी आयुष्यभर बुटका राहिलो, डोकं खाली घालून राहिलो, आणि त्याचं फळ म्हणून मला एका मुलीच्या जागेवरून उपटलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मला राग आला होता. मी उठलो. मला त्याची लाज वाटत नाही.

हन्नाबाईंनी लाकडी ठोकळा आणि हातोडी घेतली. मला खाली बसवायला हवं होतं. मालनबाईनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या की, ताई. दिसतंय तरी."

हन्नाबाईंनी हातोडी खाली ठेवली. त्यांनी कोष्टकातल्या बाकीच्या मोकळ्या घरांवरून नजर फिरवली. मला वाटतं, त्यांना आवडलं असतं मला तसंच ठेवायला. पण त्या म्हणाल्या, "मालन, ह्या बाकीच्या पोरांच्या आया इथे नाहीत गं. त्यांची मोकळी आणि हिची काळी, असं कसं करू मी?"

मालनबाईनं त्या घरांच्या नंबरांवरून बोट फिरवलं. नंबर तिला वाचता येत होते. त्यातल्या कुणाकुणाच्या झोळ्या तिच्या झोळीशेजारी टांगलेल्या असणार.

"व्हय," ती म्हणाली. "तेबी खरं."

हन्नाबाईंनी माझ्या कडेचा कंगोरा कानशीनं हलकेच घासला, ठोकळा ठेवला आणि एक टोला दिला. फार जोरात नाही. मी खाली बसलो. नंतरच्या सगळ्या कागदांवर अकराव्या ओळीत चार पूर्णांक आठ आहे आणि पुढे मोकळं पिवळं. माझा राग गेला म्हणून मी बसलो असं समजू नका. माझ्यासारख्या सगळ्यांना सारखं बसवत होते, म्हणून बसलो.

पुढे चिंचोक्याची खळ शिजवली, आणि प्रत्येक प्रतीत ते पिवळं पान मालनबाईनं स्वतः चिकटवलं. कडेला कड लावून, तळव्यानं दाबून, एकही सुरकुती न ठेवता. पुस्तक परिषदेत पोचलं. तिथे कोण हसलं, कोण नाही, ते मला ठाऊक नाही.

आणि तो पहिला कागद, माझा ठिपका उमटलेला? तो पुस्तकात जाण्यासारखा नव्हता. असे कागद रद्दीच्या पोत्यात जातात. मालनबाईनं तो घेतला, घडी घालायला टेबलावर ठेवला. छापखान्यात घडी नेहमी बरोबर मधून घालतात, आणि मधून घातली असती तर ती अकराव्या ओळीवरून गेली असती. तिनं कागद थोडा वर सरकवला. घडी तेराव्या ओळीखाली घातली, कड वाकडी राहिली तरी राहू दिली, आणि तो चोळीत ठेवला.

मी आता पुन्हा खणात आहे. पत्रिकांत जातो, पावत्यांत जातो, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत उत्तरासाठी जागा सोडायला जातो. माझ्या कडेचा चरा अजून आहे. बन्सीच्या बोटाला तो लागला की तो थांबतो, मला परत ठेवतो आणि दुसरा उचलतो.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही. तुम्ही उद्या शिकाल, कागदांवर सह्या कराल, कोष्टकं वाचाल. मोकळी जागा दिसली की तुमचाही हात शिवशिवेल. वाटेल, हे भरून टाकू, वर सरकवू, पान कसं घट्ट नीट दिसेल. तेव्हा थांबा. त्या जागेवर बोट ठेवा आणि आधी विचारा, इथे कोण होतं? उत्तर मिळेपर्यंत बोट उचलू नका.